रेटिंग घसरलं: दोष टॉवरचा की कार्यक्रमाचा?

स्थानिक एफएम केंद्राचं रेटिंग घसरलं की खापर निवेदकावर फुटतं. खरं तर तो आकडा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: आठवड्यात केंद्र ऐकणारे किती, आणि प्रत्येक जण किती वेळ ऐकतो. समजा, ४० हजार श्रोते आठवड्याला प्रत्येकी पाच तास, म्हणजे २० पाव तास ऐकतात. रोज सकाळी सहा ते मध्यरात्र धरली तर आठवड्याचे ५०४ पाव तास होतात. ४० हजारांना २० ने गुणून ५०४ ने भागलं की एका पाव तासाचे सरासरी श्रोते मिळतात: सुमारे १,५८७. श्रोते तेवढेच राहून प्रत्येकाने आठवड्याला अर्धा तास जास्त ऐकलं, तर हा आकडा दहा टक्के वाढतो.

श्रोत्यांची संख्या कुठवर जाऊ शकते, ते सिग्नल ठरवतो. एफएम लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. अँटेना १०० मीटरवर आणि रेडिओ दोन मीटरवर असेल, तर रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी थेट पोचण्याची हद्द, साधारण ४७ किलोमीटरवर येतं. अँटेना २०० मीटरवर नेली की ६४. ट्रान्समीटरची शक्ती दुप्पट केली तर सिग्नल फक्त ३ डेसिबलने (सिग्नलची ताकद सांगणारं माप) वाढतो. सपाट भागात अँटेनाची उंची दुप्पट केल्यास साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे चौपट शक्तीइतका फायदा. म्हणून पैसे आधी उंचीवर घालावेत.

प्रसारणक्षेत्राचे नकाशे मात्र जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा सिग्नल धरून काढतात. तळमजल्यावर, काँक्रीटच्या भिंतींआड त्यातले १० ते २० डेसिबल सहज गळतात. मग स्टिरिओत खरखर सुरू होते. मोनोला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज देणाऱ्या प्रसारणाला, बराच कमी सिग्नल पुरतो. डोंगर किंवा उंच इमारतींवरून परावर्तित लहरी येत असतील, तर सिग्नल जोरदार असूनही आवाज फाटतो. तिथे शक्ती वाढवून उपयोग नाही, कारण परावर्तित लहरही तेवढीच वाढते.

निदानासाठी आकडे भागवार आणि जागेवार पाहावेत. गाडीत ऐकणं टिकून आहे आणि घरातलं गळतंय, तर आधी सिग्नल मोजा. उत्तम सिग्नलच्या भागातही लोक येतात पण थांबत नाहीत, तर कार्यक्रम तपासा. श्रोता-पाहणीचा नमुना लहान असेल तर भागवार आकड्यांवर फार विसंबू नये: २०० जणांच्या नमुन्यात पाच टक्के वाटा म्हणजे प्रत्यक्षात दोन ते आठ टक्क्यांमधलं काहीही.

कार्यक्रमात सर्वांत महागात पडते ती जाहिरातींची जागा. पाव तासात निदान पाच मिनिटं ऐकलं तर तो पाव तास मोजायचा, ही जुनी रूढ पद्धत. ती लागू असेल तिथे जाहिराती १२ ते १८ व्या मिनिटांत ठेवाव्यात. उठून गेलेल्या श्रोत्याचा आधीचा पाव तास जमा झालेला असतो आणि परतल्यावर पुढच्यात पुरेशी मिनिटं उरतात.

तांत्रिक आणि कार्यक्रम विभागांचं भांडण हमखास होतं ते ध्वनी प्रोसेसरवरून. हे यंत्र प्रसारणाआधी आवाजाला आकार देतं. त्यातलं कॉम्प्रेशन, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणं, वाढवलं की केंद्र मोठ्याने वाजतं, स्टेशनं बदलताना चटकन लक्ष वेधतं, कमकुवत सिग्नलमधली खरखरही काहीशी झाकली जाते. पण उतारचढाव नसलेला आवाज कानाला लवकर थकवतो आणि ऐकण्याचा वेळ घटतो. सेटिंग एका वेळी एकच, थोडंसं बदलावं आणि अर्धा-पाऊण तास सलग ऐकावं. दोन मिनिटांच्या चाचणीत मोठा आवाज नेहमीच जिंकतो.