टॅब घ्यायचा की कॉम्प्युटर? दुकानात येण्याआधी एवढं वाचा

आमच्या काउंटरवर हल्ली रोज कुणी ना कुणी विचारतंच, "टॅबवर सगळं होतं ना?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकाला टॅब घ्यायचाच असतो आणि घरच्यांसमोर आमच्या तोंडून 'हो' ऐकायचं असतं. दुसऱ्याच्या मते टॅब म्हणजे पोरांना कार्टून लावून गप्प बसवायची वस्तू. आम्ही दोन्ही विकतो, दोन्ही दुरुस्त करतो, त्यामुळे कुणाचीच बाजू घ्यायची आम्हाला गरज नाही. आमचं म्हणणं एवढंच की टॅब तुमच्यासाठी अवजार आहे की खेळणं, हे तुमच्या महिन्यातल्या सगळ्यात हट्टी कामावर ठरतं. मेल, व्हॉट्सॲप, बँक, व्हिडिओ कॉल, वाचन ही कामं कुठल्याही पडद्यावर होतात. हटून बसणारं एखादंच असतं, आणि नेमकं तेच विचारायचं राहून जातं.

खेळणं हे नाव पडलं कसं

2010 मध्ये ॲपलने आयपॅड आणला तेव्हा हा नुसता मोठा केलेला आयफोन आहे म्हणून बऱ्याच जाणकारांनी नाकं मुरडली होती. आपल्याकडे पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2011 मध्ये, विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' आला. स्वस्त टॅब म्हणून गाजावाजा मोठा झाला. पण रॅम 256 एमबी, आणि पडदा असा की बोटाने दाबल्याशिवाय हलायचा नाही. ज्यांनी तो हाताळला त्यांच्या मनात टॅब म्हणजे कचकड्याचा माल हे तेव्हाच पक्कं बसलं.

आता तसं राहिलेलं नाही. आयपॅडवर 2020 पासून माउस नीट चालतो, आणि 2021 च्या आयपॅड प्रोमध्ये ॲपलने आपल्या कॉम्प्युटरमधलीच एम1 चिप बसवली. सॅमसंगच्या वरच्या टॅबमध्ये डेक्सची सोय असते. ती चालू केली की पडदा कॉम्प्युटरसारखा दिसतो आणि दोन-तीन ॲप वेगवेगळ्या खिडक्यांत उघडता येतात. म्हणजे ताकद कमी पडते म्हणून काम अडतं, असं आता म्हणता येत नाही.

स्टीव्ह जॉब्ज यांनी 2010 मध्येच कॉम्प्युटरची तुलना ट्रकशी केली होती. शेतीवर चालणाऱ्या देशात सगळ्या गाड्या ट्रकच होत्या, शहरं वाढली तशा मोटारी आल्या; ट्रक राहतील, पण थोड्यांनाच लागतील. बोलणं चुकीचं नव्हतं. पण आमचं गिऱ्हाईक म्हणजे बेदाण्याचे अडते, औषध दुकानदार, कर सल्लागार आणि फ्लेक्सवाले. त्यातल्या बऱ्याच जणांना अजूनही ट्रकच लागतो. का, ते पुढे सांगतो.

काम अडतं ते इथे

सगळ्यात आधी टॅली, म्हणजे हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर. टॅलीप्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. ते अँड्रॉइडवर किंवा आयपॅडवर बसत नाही. कुणी "बसवून देतो" म्हणालं तर नीट चौकशी करा. तो बहुधा दूरच्या कॉम्प्युटरची जोडणी देत असतो. ती जोडणी वाईट नाही. घरी बसून टॅबवर उधारीची यादी बघायची, कुणाचं येणं किती ते तपासायचं, यासाठी उत्तमच. टॅलीचे रिपोर्ट ब्राउझरमध्येही बघता येतात. पण बघणं वेगळं आणि नोंदी टाकणं वेगळं. दिवाणजी काम करत असताना कधी त्यांच्या हातांकडे बघा. डावा हात एफ-8, एफ-9 वर, उजवा आकड्यांच्या कीपॅडवर, आणि नजर कायम बिलाच्या कागदावर. काचेवरच्या कीबोर्डवर ही नजर दर आकड्याला कागदावरून उचलावी लागते. चार बिलं असतील तर चालून जातं. हंगामात गठ्ठा समोर असला की माणूस संध्याकाळपर्यंत वैतागतो.

दुसरं, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, म्हणजे यूएसबीला लावायचं पेन ड्राइव्हसारखं सहीचं साधन. ई-टेंडर भरणारे ठेकेदार, कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) म्हणून जीएसटी रिटर्न भरणारे, या सगळ्यांना ते लागतं. टोकनचा ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम) आणि सही उमटवणारं छोटं सॉफ्टवेअर या दोन्ही गोष्टी कॉम्प्युटरसाठी बनवलेल्या असतात. ओटीजी केबल (टॅबला यूएसबीची वस्तू जोडायची वायर) लावून टोकन टॅबला जोडलं की त्याचा दिवा लागतो आणि मंडळी खूश होतात. पण दिवा लागतो तो नुसत्या करंटवर. पोर्टलला सही दिसतच नाही. टेंडरच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. मालकी हक्काचं दुकान असेल आणि ओटीपीवर रिटर्न जात असेल, तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. आणि आधारचं अंगठ्याचं मशीन याच्या अगदी उलट आहे. ते अँड्रॉइडवर व्यवस्थित चालतं, फक्त मशीन बनवणाऱ्या कंपनीची आरडी सर्व्हिस (मशीन चालवणारं ॲप) आधी टाकून घ्यावी लागते.

तिसरा प्रिंटर. आपल्याकडच्या निम्म्या ऑफिसांत अजून कॅननचा एलबीपी 2900 किंवा एचपीचा लेझरजेट 1020 असतो. मशीन दणकट, टोनर स्वस्तात भरून मिळतो, मालक सोडायला तयार नाहीत. आम्हीही सोडायला सांगत नाही. पण हे दोन्ही प्रिंटर फक्त यूएसबीवर चालतात, आणि पानाची जुळवाजुळव ते स्वतः करत नाहीत. ते काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. तो ड्रायव्हर टॅबवर नसतो, त्यामुळे टॅब थेट जोडून छापता येत नाही. बिलं काढणाऱ्या डॉट मॅट्रिक्सचीही हीच अडचण. वायफायचा नवा प्रिंटर असेल तर टॅबवरून प्रिंट आरामात निघते. म्हणून टॅबचा हिशोब करताना प्रिंटरची किंमतही त्यात धरा.

मराठी मजकुराचं दुखणं फ्लेक्सवाल्यांना आणि डीटीपीवाल्यांना आम्ही सांगायला नको. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये केलेली जुनी फाइल टॅबवर उघडली तर तिथे मराठी दिसत नाही. इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्केवारीची चिन्हं अशी भेळ दिसते. फाइल खराब झालेली नसते, तो फॉण्ट टॅबवर नसतो एवढंच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलेलं मात्र सगळीकडे नीट दिसतं. पत्रं, ठराव, नोटिसा नव्याने लिहायच्या असतील तर टॅबवर जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डला बोलून मराठी टाइप करता येतं, आणि ते कॉम्प्युटरवर अक्षरं शोधत बसण्यापेक्षा वेगाने होतं. आमच्या ओळखीचे सोसायटीचे एक सचिव इतिवृत्त असंच लिहितात. नंतर ऱ्हस्व-दीर्घ तेवढं दुरुस्त करतात. पण वीस वर्षांच्या जुन्या फाइली उघडून त्यात बदल करणं हेच तुमचं रोजचं काम असेल, तर कॉम्प्युटरला पर्याय नाही.

एक्सेलबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टचं मोबाइल ऑफिस 10.1 इंचांपर्यंतच्या पडद्यावर साध्या कामाला फुकट चालतं. पडदा त्याहून मोठा असला की फाइल नुसती बघता येते, बदल करायला सबस्क्रिप्शन लागतं. म्हणजे मोठा टॅब घ्यायचा आणि वर दरवर्षी पैसे भरायचे. शिवाय ज्या शीटमध्ये मॅक्रो आहेत, एक बटण दाबलं की पगारपत्रक तयार होतं अशा शीट, त्या टॅबवर उघडतील, पण बटण दाबून काहीही होणार नाही.

जिथे टॅबच बरा

एवढं वाचून आम्ही टॅबच्या विरोधात आहोत असं वाटेल. पण शिकवणी घेणाऱ्या मास्तरांना आम्ही स्वतःहून टॅब सुचवतो. गणित कीबोर्डवर शिकवता येत नाही. वर्गमूळ, त्रिकोण, संख्यारेषा हातानेच काढावी लागते. मात्र इथे पेन नीट निवडावं लागतं. शे-दोनशे रुपयांना मिळणारं रबरी टोकाचं पेन हे बोटाच्या जागी वापरायचं साधन आहे, बाकी काही नाही. त्याने लिहिताना तळहात काचेला टेकला की तिथेही रेघ उमटते, त्यामुळे हात अधांतरी धरावा लागतो आणि पंधरा मिनिटांत मनगट भरून येतं. खरं पेन टॅबला ओळखू येतं. ते टेकलं की टॅब तळहाताकडे दुर्लक्ष करतो, आणि बहुतेक पेनांत जोर दिला तशी रेघ जाड होते. सॅमसंगचं एस पेन चार्ज न करताही लिहितं, ॲपलची पेन्सिल चार्ज करावी लागते. असं पेन प्रत्येक टॅबला चालत नाही, म्हणून आधी पेन ठरवा, मग टॅब. आणि घरात चांगला कॉम्प्युटर आधीच असेल तर टॅब घेऊच नका. कॉम्प्युटरला जोडायची लिहिण्याची पाटी मिळते, तिलाही पेन टॅब्लेट म्हणतात. तिला स्वतःचा पडदा नसतो, ती टॅबपेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि नजर समोर ठेवून हात खाली चालवायची सवय आठवड्याभरात होते.

ज्येष्ठांसाठी आमचं मत आणखी ठाम आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाचन पुन्हा सुरू केलेल्या आजोबांना टॅबवर वर्तमानपत्राची अक्षरं दोन बोटांनी हवी तेवढी मोठी करता येतात. नातवंडं पुण्यात असोत की अमेरिकेत, व्हिडिओ कॉलला चेहरा तळहाताएवढा तरी दिसतो. कॉम्प्युटर सुरू करा, बंद करताना क्रमाने बंद करा, ही कटकट नाही. भजनी मंडळातले एक बुवा अभंगांच्या वह्यांऐवजी टॅब स्टँडला लावतात. मांडवात लाइट गेली तरी ओळ चुकत नाही.

बांधकामावर नकाशाची पीडीएफ उघडून तिथेच पेनाने खूण करायची, फोटो काढायचा आणि लगेच पाठवायचा, हे काम लॅपटॉपवर कुणी करून दाखवावं. टाइल्सच्या किंवा साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात कॅटलॉग द्यायलाही टॅबच हवा. फक्त काउंटरवरचा टॅब चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका. बॅटरी फुगून काच वर उचललेले टॅब आमच्याकडे दुरुस्तीला येतात.

विजेचंही बोलू. मॉनिटरसकट साधा कॉम्प्युटर शंभर वॅट धरला तर दहा तासांत एक युनिट जळतं. टॅबचा खर्च त्यापुढे नगण्य. आणि भारनियमनात 600 व्हीएचा यूपीएस तुम्हाला फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करण्यापुरता वेळ देतो. टॅब तेवढ्यात काम उरकून टाकतो.

दहावी-बारावीच्या पालकांसाठी

अभ्यासाला टॅब चांगला. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, लेक्चर बघता येतात, दप्तराचं ओझं कमी होतं. पण एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा 2019 पासून कॉम्प्युटरवर होतात. तिथे माउसने पर्याय निवडायचा असतो, आणि जेईईत आकडी उत्तर पडद्यावरच्या कीपॅडवर माउसनेच भरायचं असतं. वर्षभर बोटाने सराव केलेल्या मुलाचा हात तिथे अडखळतो. सराव परीक्षा तरी कॉम्प्युटरवर द्यायला लावा, शेजाऱ्यांच्या का होईना. टायपिंगच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेसाठी तर खरा कीबोर्डच हवा, त्यात दुसरं मत नाही. मूल प्रोग्रामिंग शिकणार असेल तरीही आमचं उत्तर कॉम्प्युटर हेच.

"विंडोज 10 बंद झालं, आता टॅबच घेतो"

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून हे वाक्य आम्ही फार ऐकतो. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडलेला नाही, पण सुरक्षेचे अपडेट आपोआप मिळणं थांबलं. बँकेचं आणि जीएसटीचं काम त्यावर तसंच चालू ठेवणं धोक्याचं आहे. विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं. तुमच्या मशीनमध्ये ते आहे का, हे आम्ही बघून सांगतो. बघण्याचे पैसे घेत नाही. असेल, तर एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून आणि रॅम 8 जीबी करून तेच मशीन आणखी काही वर्षं चालेल, आणि हा खर्च बऱ्या टॅबच्या किमतीपेक्षा कमीच येईल. नसेल, तेव्हा टॅबचा विचार जरूर करा. पण वर लिहिलेलं हट्टी काम तुमच्याकडे असेल तर त्या कामासाठी नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागेल.

घेताना

रॅम निदान 6 जीबी, साठवण 128 जीबी. कॉम्प्युटरची वाढवता येते तशी टॅबची रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे आत्ताची काटकसर दोन वर्षांनी नडते. बाहेर फिरणाऱ्यांनी सिमचा टॅब घ्यावा. नुसत्या वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, शेताची किंवा साइटची नोंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कव्हर आणि काच पहिल्याच दिवशी लावा, कारण फुटलेल्या पडद्याचा खर्च ऐकून बरेच जण टॅब तसाच घरी घेऊन जातात. बिलावर आयएमईआय किंवा सीरियल नंबर लिहून घ्या, आमच्याकडून घेतलात तरी.

येताना काय आणाल

दुकानात एक अँड्रॉइड टॅब आणि एक आयपॅड वापरून बघायला ठेवला आहे. तुमच्या नेहमीच्या दोन-तीन फाइली पेन ड्राइव्हवर आणा. पेन ड्राइव्ह एफएटी 32 किंवा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये असू द्या, कारण एनटीएफएसचा बऱ्याच टॅबना उघडता येत नाही. प्रिंटरचा मॉडेल नंबर लिहून आणा, किंवा पाठीमागच्या स्टिकरचा फोटो काढून आणा. सहीचं टोकन असेल तर तेही आणा, इथेच जोडून बघू. टोकनचा पिन आणि बँकेचा पासवर्ड मात्र आम्हाला सांगू नका, तुमच्या हाताने टाका. सकाळी अकराच्या आत आलात तर गर्दी कमी असते आणि निवांत बसून बघता येतं.