अमोनियम परक्लोरेट स्वतः जळत नाही?

मुंबईतील विज्ञानप्रेमी विद्यार्थ्यांशी रॉकेटविषयी बोलताना एक समज हमखास पुढे येतो: घन इंधनातील अमोनियम परक्लोरेट स्वतः जळत नाही, ते इंधनाचे घटक बांधून ठेवणाऱ्या आणि स्वतःही जळणाऱ्या रबराला केवळ ऑक्सिजन पुरवते. हे अर्धसत्य आहे. या संयुगातील अमोनियम हा इंधनाचा आणि परक्लोरेट हा ऑक्सिडायझरचा, म्हणजे ऑक्सिजन पुरवणारा, भाग असतो. सुमारे २४० अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकाची रचना बदलते, पुढे तापल्यावर अमोनिया आणि परक्लोरिक आम्ल सुटे होतात आणि दाब वातावरणाच्या साधारण २० पटींवर गेला, की रबराशिवायही त्याची ज्वाला टिकून राहते. उघड्या हवेत ती टिकत नाही. गैरसमजाचे मूळ मला तेथेच दिसते. अर्थात, या ज्वालेतून उरणारा ऑक्सिजनच रबर आणि इंधनात मिसळलेली ॲल्युमिनियमची पूड जाळतो, आणि खरी प्रखर उष्णता त्यातून मिळते.