साप, नाणं आणि छताचा अष्टकोन: बुल्गारीच्या घड्याळांची पार्श्वभूमी

बुल्गारीचं नवं घड्याळ बाजारात आलं की घड्याळांच्या शौकिनांत एक टोमणा हमखास ऐकू येतो. सराफाने सराफी करावी, घड्याळं स्वित्झर्लंडवाल्यांवर सोडावीत. टोमणा अगदीच खोटा नाही. रोमच्या या पेढीने पहिली घड्याळं केली तेव्हा आतलं मशीन विकत आणलेलं होतं, आणि पुढची पन्नासेक वर्षं बहुतेक तसंच चाललं. पण हीच पेढी २०१४ पासून जगातल्या सर्वांत पातळ घड्याळांच्या शर्यतीत जुन्या स्विस घराण्यांच्या तोंडाला फेस आणते आहे. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर मशीन थोडा वेळ बाजूला ठेवावं आणि आधी डबी आणि पट्टा पाहावा. बुल्गारीत सुरुवात तिथूनच होते.

मूळ पुरुष इटालियन नव्हताच. सोतिरिओ व्हुल्गारिस हा ग्रीक चांदीकाम करणारा कारागीर. जन्म १८५७चा, एपिरस प्रांतातल्या पारामिथिया गावचा. तेव्हा तिथे ऑटोमन तुर्कांचा अंमल होता. कॉर्फू, नेपल्स असं करत तो १८८१ मध्ये रोमला पोचला, १८८४ मध्ये व्हिया सिस्तीना या रस्त्यावर त्याने दुकान थाटलं आणि १९०५ मध्ये व्हिया कोंदोत्तीच्या दहा नंबरात आला. स्पॅनिश पायऱ्यांच्या समोरून निघणारा हा रस्ता. पेढीचं मुख्य दुकान आजही तिथेच आहे. नाव एव्हाना इटालियन वळणाचं, बुल्गारी, झालं होतं. १९३२ मध्ये सोतिरिओ गेला आणि कारभार जॉर्जिओ आणि कोस्तांतिनो या मुलांकडे आला. त्यांनी दुकानाचं रूप पालटलं, १९३४ मध्ये दर्शनी भागावर नाव कोरलं, आणि कोरताना 'यू'च्या जागी 'व्ही' घातला. प्राचीन लॅटिन शिलालेखांत 'यू' असाच लिहायचे. ग्रीक खेड्यातून आलेल्या माणसाचं आडनाव असं एका अक्षराच्या फरकाने सीझरच्या काळात जाऊन बसलं. दुकानदारीतली ही चलाखी पुढे घड्याळांत फार कामाला आली.

घड्याळांत पहिला आला तो साप. १९४८ च्या सुमारास 'सर्पेंती' मालिकेची सुरुवात झाली. सुरुवातीच्या सापांना खवले नव्हते, डोळेही नव्हते. मनगटाला दोन-तीन वेढे घालणारं सोन्याचं वेटोळं आणि डोक्याच्या जागी छोटी तबकडी, एवढंच. वेटोळ्याच्या पद्धतीला 'तूबोगास' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ गॅसची नळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅससाठी ज्या वळीदार, लवचीक नळ्या वापरात होत्या, त्यांच्यावरून हे नाव पडलं. एवढ्या महाग दागिन्याला इतकं रोखठोक नाव इटालियन लोकच देऊ जाणे.

तूबोगासचं काम नीट पाहण्यासारखं आहे. सोन्याच्या लांब पट्ट्यांच्या कडा वळवून घेतात. मग त्या तांब्याच्या किंवा लाकडाच्या दांड्याभोवती अशा घट्ट गुंडाळत जातात, की एका पट्टीची कड दुसरीच्या कडेत अडकते. कुठेही झाळकाम नाही. गुंडाळून झालं की दांडा ओढून काढायचा, किंवा तांबं असेल तर ते आम्लात विरघळवायचं. उरते ती सोन्याची पोकळ नळी, हवी तशी वाकणारी. तिला ना कडी लागते ना फासा. हात घालताना वेटोळं सैल होतं, सोडलं की आपसूक मनगटाला धरतं. ज्यांनी आजीची वाकी दंडात चढवताना तिची कुरकुर ऐकली आहे, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

पन्नास-साठच्या दशकांत सापाला खवले फुटले. प्रत्येक खवला वेगळा घडवायचा, त्यावर मीनाकाम करायचं आणि एकेक जोडत शेपटीपर्यंत न्यायचं. डोळ्यांत पाचू किंवा माणकं. तबकडी आता सापाच्या तोंडात लपली. वेळ पाहायची तर त्याचा जबडा उघडायचा. साहजिकच, वेळ पाहणं हा या वस्तूचा दुय्यम धर्म होता. आतली मशीनं जेजर-लकुल्त्र, व्हाशरॉं कॉन्स्टंटॅं, ओदमार पिगे, मोव्हाडो अशा घराण्यांकडून येत. म्हणजे तेव्हाच्या उत्तमांतली उत्तम. पेढीची मागणी एकच असे: मशीन सापाच्या डोक्यात मावलं पाहिजे.

या सापाला जगप्रसिद्ध केलं हॉलिवूडची अभिनेत्री एलिझाबेथ टेलरने. १९६२ मध्ये 'क्लिओपात्रा'चं चित्रीकरण रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत चालू होतं, त्या सेटवर सर्पेंती घड्याळ घातलेलं तिचं छायाचित्र आहे. एलिझाबेथला इटालियनमधला एकच शब्द येतो आणि तो म्हणजे बुल्गारी, अशी तिचा सहकलाकार आणि पुढे नवरा झालेल्या रिचर्ड बर्टनची थट्टा तेव्हापासून सांगितली जाते. २०११ च्या डिसेंबरात तिच्या दागिन्यांचा लिलाव झाला तेव्हा काही वस्तू पेढीनेच परत विकत घेतल्या.

दुसरा धागा नाण्याचा. १९७५ मध्ये बुल्गारीने आपल्या शंभर बड्या गिऱ्हाइकांना नाताळची भेट म्हणून एक घड्याळ दिलं. सोन्याची गोल डबी, आत अंक दाखवणारा डिजिटल पडदा आणि कडेवर कोरलेली अक्षरं, 'बुल्गारी रोमा'. सेलवरच्या घड्याळांची लाट स्विस कारखाने बुडवत होती तो हा काळ; पेढीने ती नवलाई सरळ सोन्यात बसवून वाटून टाकली. भेट इतकी गाजली की न मिळालेल्यांकडून मागणी सुरू झाली. १९७७ मध्ये काट्यांचं घड्याळ विक्रीला आलं, त्याच्या कडेवर पेढीचं नाव दोनदा: 'बुल्गारी बुल्गारी'. ही कल्पना रोमन नाण्यांवरून उचललेली. मध्ये सम्राटाचा चेहरा आणि भोवती कडेकडेने त्याचं नाव आणि पदव्या, तसं हे. फक्त सम्राटाच्या जागी तबकडी. स्वतःचं नाव घड्याळावर एवढ्या ठसठशीतपणे लिहिणं त्या काळच्या स्विस शिस्तीत असभ्यपणा ठरला असता. मला ते अजूनही जरा जास्तच वाटतं, पण ओळख पटावी तर अशी.

नाण्याचा दागिना करण्याची हौस इटालियनांची एकट्यांची नव्हे. व्यापारातून इकडे आलेल्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना त्यांवरच्या मानवी आकृत्यांमुळे आपल्याकडे पुतळ्या म्हणू लागले; पुतळ्यांची माळ ती हीच. बुल्गारीही खरी प्राचीन नाणी सोन्यात जडवून 'मोनेते' नावाने दागिने करत आली आहे. २०२१ मध्ये पेढीने खास भारतासाठी मंगळसूत्र काढलं, जाहिरातीत प्रियांका चोप्रा. काळे मणी होते, पण वाट्यांच्या जागी त्या १९७७ च्या घड्याळाच्या घराण्यातल्या गोल चकत्या होत्या. किंमत साडेतीन लाखांच्या घरात. आपल्याकडे त्यावर बरीच चेष्टा आणि थोडा संताप झाला. मात्र पुतळीचा प्रवास ठाऊक असलेल्याला त्यात फारसं नवल वाटायचं कारण नव्हतं.

मधली वर्षं झपाट्याने सांगता येतील. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घड्याळांसाठी स्वित्झर्लंडमध्ये नशातेल इथे वेगळी कंपनी झाली. १९९८ मध्ये 'अ‍ॅल्युमिनियम' आलं. सराफाच्या पेढीने चक्क अ‍ॅल्युमिनियम आणि रबराचं घड्याळ काढलं आणि अलितालिया या इटालियन विमान कंपनीच्या जम्बो विमानावर त्याचं चित्र रंगवून घेतलं. ते २०२० मध्ये पुन्हा बाजारात आलं आणि त्याच वर्षी जिनिव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या स्पर्धेत बक्षीसही घेऊन गेलं.

खरी कलाटणी २००० ची. त्या वर्षी बुल्गारीने जेराल्ड जेंटा आणि डॅनिएल रॉथ या दोन घराण्यांचा ताबा घेतला. रॉयल ओक आणि नॉटिलस या सत्तरच्या दशकातल्या दोन्ही गाजलेल्या घड्याळांची रेखाटनं याच जेंटा नावाच्या रेखाटनकाराची. 'बुल्गारी बुल्गारी'चं श्रेयही त्यालाच देतात. खरेदीबरोबर गुंतागुंतीची मशीनं हाताने जुळवणारे कारागीर आले आणि स्वित्झर्लंडमधल्या झू नावाच्या खोऱ्यातल्या ल सांतिये गावचा कारखानाही आला. पुढे तबकड्या आणि पट्टे करणाऱ्या छोट्या कंपन्याही पेढीने घेतल्या. २०११ मध्ये बुल्गारी स्वतःच फ्रान्सच्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या समूहात गेली. त्याच वर्षी जेंटा वारला.

जेंटाच्या नावाने निघणाऱ्या घड्याळांत 'ऑक्टो' नावाचा एक अष्टकोनी नमुना होता. तो बुल्गारीच्या घरात २०१२ मध्ये नव्याने आला. काम फाब्रित्सिओ बुओनामासा स्तिल्यानी यांचं. ते नेपल्सचे, आधी फियाटमध्ये गाड्यांचे आराखडे करायचे, २००१ पासून बुल्गारीत. त्यांच्या ऑक्टोचा संबंध जोडला जातो तो रोमन फोरममधल्या मॅक्सेंशियसच्या बॅसिलिकेशी. चौथ्या शतकातल्या या प्रचंड इमारतीचे तीन कमानदार कक्ष उभे आहेत. त्यांत मान वर करून पाहिलं तर छतात खोल अष्टकोनी खण दिसतात, एकात एक उतरत गेलेले. घड्याळातही अष्टकोनावर गोल आणि कडेला पायऱ्यांसारखे पैलू, एकूण ११०. छताचे खण वजन कमी करायला पोखरलेले असतात, हाही एक योगायोगच म्हणायचा. कारण पुढे या घड्याळाचं तेच झालं.

२०१४ मध्ये 'ऑक्टो फिनिस्सिमो' आलं. त्याचं टुर्बियाँचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने वेळ चुकू नये म्हणून नियामक भाग फिरत्या पिंजऱ्यात बसवलेलं, मशीन १.९५ मिलिमीटर जाडीचं होतं. मग जवळजवळ दरवर्षी एक विक्रम. २०१६ मध्ये ठोके देऊन वेळ सांगणारं मिनिट रिपीटर, मशीन ३.१२ मिलिमीटर. २०१७ मध्ये आपोआप चावी भरणारं, मशीन २.२३. २०२१ मध्ये शाश्वत पंचांगाचं, म्हणजे लीप वर्षाचाही हिशेब ठेवणारं, अख्खं घड्याळ ५.८०, त्याला त्या वर्षी जिनिव्हात 'एग्वीय दोर' हा सर्वोच्च मान मिळाला. मशीन पातळ करायचं तर चक्रांवर चक्रं चढवता येत नाहीत, ती शेजारी शेजारी पसरावी लागतात. म्हणजे पसरायला रुंदी हवी. ती ऐसपैस, सपाट अष्टकोनाने आधीच देऊन ठेवली होती.

२०२२ च्या 'फिनिस्सिमो अल्ट्रा'ने तर कहर केला. डबी, काच, मशीन सगळं धरून १.८० मिलिमीटर. आपलं दहा रुपयांचं नाणं जवळजवळ तेवढंच जाड असतं. एवढ्या जागेत मशीनला वेगळा तळ देणं परवडत नाही. म्हणून डबीचं मागचं झाकणच तळ झालं. पातळ पत्रा मनगटावर वाकू नये यासाठी ते टंग्स्टन कार्बाइडचं केलं. एकूण १७० भाग. तास एका तबकडीवर, मिनिटं दुसऱ्या, कारण एकावर एक काटे ठेवायलाही जागा नाही. नेहमीची उभी किल्ली जाऊन त्याऐवजी दोन आडवी चाकं आली, एक चावी द्यायला, दुसरं वेळ लावायला. इथवर सगळं अचाट. आणि मग त्यांनी चावीचा जोर साठवणाऱ्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पेटीवरच्या चाकावर, जे घड्याळाच्या दर्शनी भागात सर्वांत मोठं दिसतं, तिथे क्यूआर कोड कोरला. किराणा दुकानाच्या गल्ल्यावरचा चौकोन एवढ्या कारागिरीच्या मधोमध कशाला हवा होता, ते त्यांनाच ठाऊक. अशी दहाच घड्याळं केली.

विक्रम टिकला चार महिने. जुलैत रिशार मिल या स्विस कंपनीने १.७५ चं घड्याळ काढलं. २०२४ मध्ये बुल्गारी १.७० घेऊन परतली, तर त्याच वर्षी कॉन्स्तान्तिन चायकिन या रशियन घड्याळजीने १.६५ चा नमुना दाखवला. आपल्याकडे टायटनने सेलवर चालणारं 'एज' साडेतीन मिलिमीटरच्या आत-बाहेर बसवलं, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. ते घड्याळ निदान रोज हातात घालता येत होतं. या अतिपातळ घड्याळांचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. पण या शर्यतीत जे हात तयार झाले, ते पुढे सापाकडे वळले.

सर्पेंती कित्येक वर्षं मुख्यतः सेलवर चालत होतं. बायकांना चावी देणं नको असतं, असं त्याचं ठरलेलं उत्तर. मला ते आळशी उत्तर वाटतं. लहान मशीन बनवणं अवघड असतं, हे खरं कारण. २०२२ मध्ये दागिनावजा सर्पेंतींसाठी 'पिक्कोलिस्सिमो' आलं. व्यास १२.३ मिलिमीटर, शर्टाच्या बटणापेक्षा किंचित मोठं, जाडी अडीच, चावी देऊन चालणारं. आणि २०२५ च्या जानेवारीत 'लेडी सोलोतेम्पो' आलं: १९ मिलिमीटर रुंद, ३.९ जाड, पाच ग्रॅम वजन, मनगटाच्या हालचालीवर चावी भरून घेणारं आणि काढून ठेवलं तरी ५० तास चालणारं. ते सर्पेंतीच्या तूबोगास आणि सेदुत्तोरी या दोन्ही नमुन्यांत बसवलं. माप सापाच्या डोक्याचं, तेव्हाही होतं तसंच. मशीन आलं ल सांतियेहून, जिथे जेजर-लकुल्त्रचाही कारखाना आहे आणि जिथून पहिल्या सापांची काही मशीनं रोमला जात असत.