डीबग युनिटचा कोड ‘सिम्युलेशन पास’ म्हणून सोडू नका

सोलापुरात व्हेरिलॉग (चिपचं सर्किट लिहायची भाषा) शिकणाऱ्या मुलांकडून वर्षानुवर्षं ऐकतोय: डीबग आणि ट्रेस युनिट (प्रोसेसर थांबवून आत पाहू देणारा आणि त्याच्या चालीची नोंद ठेवणारा चिपचा भाग) लॅबपुरतं, सिम्युलेशन पास झालं की रिव्ह्यू कशाला? हा समज चुकीचा आहे.

या युनिटशी बाहेरून बोलायची जोडणी म्हणजे जेटॅग; तिचं टीसीके घड्याळ बाहेरच्या प्रोबकडून, म्हणजे चिपला जोडलेल्या डीबग उपकरणाकडून, येतं. प्रोसेसरच्या घड्याळाशी त्याचा मेळ नसतो. परवा एका विद्यार्थ्याच्या कोडमध्ये हॉल्टची (प्रोसेसर थांबवण्याची) विनंती टीसीकेवरच्या फ्लॉपमधून (एक बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटमधून) थेट कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, स्टेट मशीनमध्ये शिरत होती, मध्ये सिग्नल नव्या घड्याळाशी जुळवून घेणारा दोन फ्लॉपचा सिंक्रोनायझरसुद्धा नाही. साध्या आरटीएल (व्हेरिलॉग कोडच्या पातळीवरच्या) सिम्युलेशनला मेटास्टॅबिलिटी, म्हणजे फ्लॉपचं 0 आणि 1 च्या मध्ये लटकणं, दिसतच नाही, म्हणून सगळं हिरवं! अशी ओळ नजरेनं किंवा सीडीसी (एका घड्याळाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या सिग्नलांच्या) तपासणीतच सापडते.

शिवाय हे युनिट बहुधा विकलेल्या चिपमध्येही राहतं. कुलूप नसेल तर त्याच दारातून मेमरी वाचता येते.