कासव पाण्यात ढकलू नका

पावसाळ्यात जुहू-वर्सोव्याच्या पुळणीवर कचऱ्यासोबत कासवंही लागतात, बहुतेक ऑलिव्ह रिडले या जातीची समुद्री कासवं. मग गर्दी जमते आणि कुणीतरी पुण्य म्हणून कासव लाटेत सोडून देतो. नेमकं हेच करायचं नाही.

निरोगी मादी आपणहून वाळूवर येते ती अंडी घालायला, आपल्याकडे मुख्यतः हिवाळ्यात आणि बहुधा रात्री. जुलैत भरदुपारी पडलेलं कासव आजारीच समजावं.

अमेरिकेत केप कॉडला कासवं थंडीने लुळी पडून किनाऱ्याला लागतात. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की त्यांचं पोहणं थांबतं. त्यांना दिवसाला जेमतेम 3 अंश ऊब देत आणतात, कारण एकदम तापवलं तर मंदावलेल्या हृदयाला शरीराची वाढलेली मागणी पेलत नाही. मुंबईचं पाणी इतकं गार कधीच होत नाही. इथे घात करतात ती जाळी, बोटींचे पंखे, प्लास्टिक आणि न्यूमोनिया. फुप्फुस फाटलं किंवा आतड्यात वायू धरला की कासव एका बाजूला कलून तरंगतं, त्याला बुडी मारता येत नाही. ढकललं तरी पुढच्या भरतीला परत येतं, आणखी थकून.

म्हणून आधी 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर फोन. डहाणूला समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. तोवर कासव सावलीत, पोटावरच ठेवा. पाठीवर ओला पंचा घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. मोठं ऑलिव्ह रिडले 35 ते 45 किलो भरतं. दोघांनी मिळून मानेमागून आणि शेपटीवरून पाठीची कड धरून उचला. वल्ह्यांसारख्या पायांना धरून ओढलं तर सांधा निखळतो. पाण्याच्या टबात तर मुळीच नको. अशक्त कासवाला डोकं वर धरवत नाही, ते टबातही बुडतं.

जाळ्यात गुदमरलेलं कासव मेल्यासारखंच दिसतं. पापणीला हलकेच बोट लावून पाहा. हललं नाही, तरी लगेच आशा सोडू नका. मागची बाजू वीतभर उंच ठेवली की फुप्फुसातलं पाणी उतरतं. शुद्धीवर यायला कधीकधी 24 तास लागतात.

पाठीवर चिकटलेले बार्नेकल, म्हणजे कवचाचे बारीक समुद्री जीव, बरेच जण चाकूने खरवडायला घेतात. राहू द्या. निरोगी, चपळ कासवावर ते सहसा थोडेच असतात. दाट थर दिसला तर कासव कितीतरी दिवस नुसतं तरंगत होतं, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.