मार्बल कटर की सर्क्युलर सॉ? घरच्या लाकूडकामासाठी काय घ्यावं

सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात "लाकूड कापायचं मशीन द्या" म्हटलं की बऱ्याचदा पुढ्यात येतं चार इंची मार्बल कटर आणि सोबत लाकडाचं ब्लेड. "सगळे सुतार हेच वापरतात," असंही सांगतात. ते खरंच आहे. तरीही रविवारी घरी एखादं कपाट करणाऱ्यानं ते घेऊ नये, सर्क्युलर सॉ म्हणजे लाकडासाठीची विजेवरची गोल करवत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

गोल ब्लेड, खाली बेसप्लेट, वर मूठ. दोन्ही सारखीच दिसतात. मशीन उलटं करून बघा. सर्क्युलर सॉच्या ब्लेडवर खालून स्प्रिंगचं झाकण असतं. फळीत शिरताना ते मागं सरकतं आणि फळी संपली की खटकन मिटतं. मार्बल कटरला हे झाकणच नसतं, कारण ते फरशीसाठी केलेलं आहे. तिथं दात नसलेलं डायमंड ब्लेड फरशी घासत जातं. त्याच जागी दातेरी ब्लेड लावलं की उघडी करवत मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. सर्क्युलर सॉचे फेरे साधारण पाच-साडेपाच हजार.

2019 च्या पुरात आमची तळमजल्यावरची प्लायची कपाटं फुगली, तेव्हा नवी करायला मीही कटरच घेतलं होतं. एकदा बटण बंद करून ते सतरंजीवर टेकवलं. ब्लेड अजून थांबलं नव्हतं. सतरंजी ओढत ते थेट माझ्या पायाकडं आलं. जाड बूट होता म्हणून अंगठा वाचला.

कापाची खोलीही बघा. चार इंची कटर जेमतेम सव्वा इंच कापतं. 18 मिमी प्लायला ते पुरतं, पण दाराच्या चौकटीचं लाकूड दोन्ही बाजूंनी कापावं लागतं आणि काप जुळत नाहीत. सात इंची सॉ अडीच इंचांपर्यंत एका दमात जाते.

फरशी किंवा ग्रॅनाइट कापायचं असेल तर मात्र मार्बल कटरच. तिथं सॉ नेऊ नका.

सॉ घेतलीत तर प्लायसाठी 40 किंवा 60 दातांचं ब्लेड लावा. सोबत येणारं 24 दातांचं बहुधा ढलप्या काढतं. दात खालून वर कापतात, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवा. ब्लेड प्लायच्या खाली पाच-सहा मिलिमीटरच डोकावू द्या. आणि पिन पंधरा अँपियरच्या सॉकेटमध्येच लावा, पंख्याच्या बोर्डावर नको.