पंचवीस मेंदूंवरून स्वभाव कळत नाही

२०११ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ९० तरुणांच्या मेंदूंचे एमआरआय काढून ते त्यांच्या राजकीय मतांशी ताडून पाहिले होते. लेखकांच्या यादीत अभिनेता कॉलिन फर्थ याचेही नाव होते, कारण बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमाचा पाहुणा संपादक असताना ही कल्पना त्यानेच पुढे केली होती. परंपरावादी तरुणांचा उजवा अमिग्डाला (भीतीसारख्या भावनांशी जोडलेला मेंदूतला छोटा भाग) मोठा आढळला आणि उदारमतवाद्यांच्या अँटिरिअर सिंग्युलेट या मेंदूच्या पुढच्या बाजूच्या आतल्या भागात करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशींनी भरलेला मेंदूचा भाग, जास्त आढळले. बातमी जगभर गेली आणि मेंदूचे चित्र पाहून माणसाचे मत सांगता येते, असा समज मागे ठेवून गेली.

२०२४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी हाच प्रयोग ९२८ डच तरुणांवर केला. सिंग्युलेटचा संबंध सापडलाच नाही. अमिग्डालाचा सापडला, पण पहिल्याच्या जेमतेम एक तृतीयांश. मूळ संशोधकांनी लबाडी केली असा याचा अर्थ नाही. अशा घसरणीमागे एक साधे गणित असते आणि ते समजून घेतले तर मेंदूविषयीच्या निम्म्या बातम्या वेगळ्या दिसू लागतील.

आधी मोजमापाकडे पाहू. एमआरआयमध्ये मेंदूचे साधारण १ मिलिमीटर बाजूचे घन तुकडे पाडले जातात. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेल करडे द्रव्य आहे, पांढरे द्रव्य आहे की पाणी, हे सॉफ्टवेअर त्याच्या उजळपणावरून ठरवते. मेंदूची साल, म्हणजे करड्या द्रव्याचा बाहेरचा थर, सरासरी अडीच मिलिमीटर जाड, म्हणजे आरपार दोन-तीनच व्हॉक्सेल. कडेचा व्हॉक्सेल अर्धा करडा, अर्धा पांढरा असतो आणि तिथे अंदाजच बांधावा लागतो. स्कॅन चालू असताना डोके हलले की कडा पुसट होतात: दर मिनिटाला १ मिलिमीटर जास्त हालचाल झाली तर करडे द्रव्य सुमारे ०.७ टक्क्यांनी कमी असल्यासारखे दिसते. आता चंचल मुलांची साल पातळ असते का, हे तपासायचे आहे असे समजा. चंचल मूल मशीनमध्येही जास्त हलणार, त्याची साल चित्रात पातळच दिसणार आणि ‘शोध’ आपोआप लागणार. सोळा तास पाणी न पिता राहिल्यावर मेंदूचे आकारमान अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त घटल्याचेही मोजले गेले आहे. एकाच मेंदूचे स्कॅन फ्रीसर्फर या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्यांमधून काढले, तेव्हा निरनिराळ्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. मेंदू तोच, आकडे वेगळे.

तरीही या गोंधळातला सर्वांत मोठा वाटा यंत्राचा नाही. तो माणसांच्या संख्येचा आहे.

दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात हे सहसंबंध गुणांक सांगतो. ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण. समजा, मेंदूच्या एखाद्या भागाचा आकार आणि एखादा स्वभावगुण यांच्यातला खरा सहसंबंध ०.१ आहे. या क्षेत्रात तो चांगलाच मोठा म्हणावा लागेल. आता २५ माणसे घ्या. इतक्या थोड्या माणसांत गुणांक नुसत्या योगायोगाने वरखाली उड्या मारतो. प्रत्यक्षात काहीच संबंध नसला तरी शंभरातल्या पंचाण्णव वेळा तो उणे ०.४ ते अधिक ०.४ यांच्या मध्ये कुठेही पडू शकतो. म्हणून निष्कर्ष ‘सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय’ ठरवण्याची प्रचलित चाळणी, म्हणजे पी-मूल्य (काहीच संबंध नसताना इतका मोठा आकडा नुसत्या योगायोगाने मिळण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी, २५ माणसांसाठी ०.४० च्या आसपास येते.

इथे जरा थांबून विचार करा. खरा आकडा ०.१ आहे आणि चाळणीतून पार व्हायला निदान ०.४० लागतो. म्हणजे जो निकाल पार होईल तो खऱ्याच्या किमान चौपट फुगलेला असणारच. खरा आकडा जसाच्या तसा मिळालेला प्रामाणिक प्रयोगच चाळणीत अडकतो! एक हजार प्रयोगशाळांनी २५-२५ जणांवर हा प्रयोग केला असे धरा आणि हिशेब मांडा. सुमारे ६८ प्रयोगशाळांना योग्य दिशेचा, पण फुगलेला निकाल मिळेल. सात-आठ जणींना चक्क उलट्या दिशेचा ‘लक्षणीय’ निकाल मिळेल. उरलेल्या सव्वानऊशेंच्या हाती काही लागणार नाही आणि त्यांचे कागद बहुधा कपाटातच राहतील. छापून येतील ते पंचाहत्तर. त्यांतला दहातला एक चिन्हासकट चुकीचा, आणि बाकीचे सगळे अतिशयोक्त. ‘नमुना लहान होता, तरी एवढा मोठा परिणाम दिसला, म्हणजे तो खराच असणार’ हा युक्तिवाद म्हणूनच उलटा आहे. नमुना लहान असल्यामुळेच परिणाम मोठा दिसतो.

माणसे वाढवली की चाळणी खाली येते. ९० जणांना ०.२१, हजार जणांना ०.०६. खरा सहसंबंध ०.१ असेल आणि तो पाचातून चार वेळा पकडायचा असेल, तर सुमारे ७८० माणसे हवीत. तेही मेंदूची एकच जागा आधी ठरवून तपासली तर. हजारो जागा एकाच वेळी चाळायच्या असतील तर चाळणी कितीतरी कडक करावी लागते आणि माणसे आणखी वाढवावी लागतात.

प्रत्यक्षात किती माणसे घेतली जात होती? २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने याचे उत्तर दिले. अशा संशोधनातली मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) नमुनासंख्या होती साधारण २५. त्या संशोधकांनी तीन मोठ्या संग्रहांतले मिळून सुमारे ५०,००० जणांचे एमआरआय वापरले. मेंदू आणि वर्तन यांच्यातल्या सहसंबंधाचा मध्यक निघाला ०.०१. पुन्हा तपासून टिकलेला सर्वांत मोठा सहसंबंध ०.१६, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा अडीच टक्क्यांच्या आसपास उलगडा. त्याआधी २०१५ मध्ये डच संशोधकांच्या एका गटाने पद्धत आधी जाहीर करून पाच अभ्यासांतले १७ संबंध नव्याने तपासले होते. त्यातल्या १६ बाबतींत पारडे ‘संबंध नाही’ याच बाजूला झुकले, कुठे किंचित, कुठे जोरात. त्यांचे सहभागी मात्र ३६च होते, म्हणून तो निकालही शेवटचा शब्द मानू नये.

वर्तनाची मोजणी हा दुसरा अर्धा भाग, आणि तो बहुतेक वेळा जास्त डळमळीत असतो. अमिग्डालाचा आकार पुन्हा मोजला तर साधारण तोच येतो. लक्ष किती विचलित होते याची संगणकावरची चाचणी तीच व्यक्ती तीन आठवड्यांनी देते तेव्हा तिचा क्रमांक बदललेला असू शकतो. पुन्हा मोजल्यावर माप किती सारखे येते, याला त्याची विश्वासार्हता म्हणतात (० ते १). दिसणारा सहसंबंध म्हणजे खरा सहसंबंध गुणिले दोन्ही मापांच्या विश्वासार्हतेच्या गुणाकाराचे वर्गमूळ. आकाराची विश्वासार्हता ०.९५ आणि चाचणीची ०.५ असेल, तर खरा ०.१५ दिसताना ०.१० होतो.

पन्नास हजार एमआरआय हाताशी असूनही तज्ज्ञांना एका व्यक्तीचा स्वभाव सांगता येत नाही, हे पालकांनी पक्के लक्षात ठेवावे. आपल्याकडे शाळाशाळांतून बोटांचे ठसे घेऊन ‘मुलाचा मेंदू कसा आहे’ याचा रंगीत अहवाल देणारी डीएमआयटी नावाची चाचणी विकली जाते आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे वर्ग चालतात. ठशांवरून बुद्धीचा प्रकार कळण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. पट्टी बांधलेले मूल नाकाजवळच्या फटीतून पाहत असते. हे पैसे वाया तर जातातच, वर दहा वर्षांच्या पोरावर ‘गणित तुझे क्षेत्र नाही’ असा शिक्का बसतो, तो वेगळाच.

मग मेंदूच्या रचनेचा अभ्यास निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. परिणाम मोठा असला की थोडी माणसेही पुरतात. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस (आठवण आणि दिशाज्ञानाशी जोडलेला मेंदूचा भाग) वर्षाला सरासरी साडेचार टक्क्यांहून अधिक आक्रसतो, निरोगी वृद्धांत दीड टक्क्याच्या आत. हा फरक लपत नाही. त्याच व्यक्तीचा मेंदू आधी आणि नंतर मोजला की माणसामाणसांतला जन्मजात फरकही आडवा येत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांवरचे काम यासाठी पाहण्यासारखे आहे. परवान्यासाठी त्यांना सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. अशा ७९ उमेदवारांचे एमआरआय प्रशिक्षणाच्या सुरुवातीला आणि तीन-चार वर्षांनी काढले. जे ३९ जण परवाना मिळवू शकले, त्यांच्याच हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात करडे द्रव्य वाढलेले दिसले. नापास झालेल्यांत नाही आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर ३१ जणांतही नाही. ‘ज्याचा हिप्पोकॅम्पस मोठा त्याला रस्ते चांगले सापडतात’ हा मात्र वेगळाच दावा आहे. तोही त्याच गटाने पुढे २१७ सर्वसामान्य लोकांवर तपासला. संबंध सापडला नाही.